कोणता माहितीपट पाहण्याजोगा? मराठवाड्यातील नव्या प्रेक्षकांसाठी

माहितीपट म्हटले की आपल्याकडच्या ज्येष्ठांना टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटाआधी दाखवली जाणारी कृष्णधवल सरकारी फीत आठवते. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि तिने काढलेले वार्तापट व माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना अनेक दशके बंधनकारक होते. त्यामुळे धरणाचे उद्घाटन, पाहुण्यांचे आगमन आणि भारदस्त आवाजातले निवेदन म्हणजेच माहितीपट, असा समज घट्ट झाला. आज सक्ती उरलेली नाही. पण हातातल्या मोबाइलवर इतके माहितीपट आणि माहितीपटाचे नाव लावून फिरणारे इतके व्हिडिओ आहेत, की काय पाहावे यापेक्षा काय सोडून द्यावे हे ठरवणेच नव्या प्रेक्षकाला अवघड जाते.

ज्यांनी आजवर माहितीपट फारसे पाहिलेले नाहीत आणि आता पाहावेत असे ज्यांना वाटते, अशा लातूर, बीड, परभणी, नांदेडकडच्या वाचकांसाठी हा लेख आहे. माझे म्हणणे असे की निवड करण्याची दृष्टी तयार करायला चित्रपटशास्त्राचा अभ्यास लागत नाही. जे आपल्याला आधीच पक्के ठाऊक आहे त्याच्यावर माहितीपट तपासून पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय पुढे अनोळखी विषयांतही साथ देते.

पहिली पायरी: सुरुवात ओळखीच्या विषयापासून

मराठवाड्याच्या दुष्काळावरचा कोणताही माहितीपट काढा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत भेगाळलेल्या जमिनीचे दृश्य येते आणि त्यामागे बासरी वाजते. शहरातल्या प्रेक्षकाला तेवढ्यानेच गलबलून येते. पण ज्याचे रान काळे आहे त्याला ठाऊक असते की काळ्या जमिनीला दर उन्हाळ्यात भेगा पडतात. काळ्या पाषाणापासून बनलेल्या या मातीतला चिकण अंश भिजला की फुगतो आणि वाळला की आकसतो. आदल्या वर्षी धो धो पाऊस झालेला असला तरी मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जमीन चांगली तापली म्हणून शेतकरी समाधानही मानतो. तेव्हा भेगा हा दुष्काळाचा पुरावा नव्हे. पुरावा असतो तो टँकरच्या खेपांच्या नोंदीत, कोरडी निघालेली बोअर आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जात, चारा छावणीतल्या दावणीत, रब्बीला पेरलेच नाही अशा रानात आणि जनावरांच्या बाजारात पडलेल्या भावात. भेगांवर थांबलेला दिग्दर्शक गावात जेमतेम अर्धा दिवस राहिला असावा. जो टँकरच्या नोंदीपर्यंत पोचतो, टँकर कोणाच्या दारात आधी थांबतो हे दाखवतो, त्याने लोकांना प्रश्न विचारलेले असतात आणि उत्तर मिळेपर्यंत तो थांबलेलाही असतो.

याच विषयात दुसरी खूण पाहावी, ती म्हणजे चित्रात कोण नाही. मराठवाड्याच्या पाण्यावर तासभर बोलणाऱ्या माहितीपटात ऊस एकदाही दिसला नाही, बोअरची गाडी दिसली नाही, धरणातले पाणी शेतीला किती, गावांना किती आणि कारखान्यांना किती हा हिशेब आला नाही, तर तो माहितीपट दुष्काळाला केवळ आभाळाची करणी मानून मोकळा झाला आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. त्या गाडीची दृश्ये देशभर दाखवली गेली आणि अनेक व्हिडिओंमध्ये ती आजही वापरली जातात. गाडी खरी आहे, टंचाईही खरी होती. पण लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे का पडले, त्याआधीच्या वर्षांत त्या खोऱ्यात काय पिकवले गेले, हे विचारणारा माहितीपट आणि नुसत्या वाघिणी मोजणारा माहितीपट यांत फार अंतर आहे. मी पहिल्याला दोन तास देईन आणि दुसऱ्याला दहा मिनिटेही देणार नाही.

सराव म्हणून असे करावे. पाहायला बसण्याआधी त्या विषयातल्या आपल्याला ठाऊक असलेल्या पाच-सहा गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात आणि पाहून झाल्यावर त्यांतल्या किती चित्रात आल्या, किती चुकीच्या आल्या आणि आपल्याला ठाऊक नसलेले नवे काय कळले, हे समोरासमोर मांडावे. यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपल्याच गावाबद्दल जो माहितीपट आपल्याला काही नवे सांगतो, तो परक्या प्रदेशाबद्दलही विश्वासाने पाहावा अशा हातांनी केलेला असतो.

दुसरी पायरी: पाहण्याआधीची चौकशी

ही चौकशी पाच मिनिटांत होते. दिग्दर्शक कोण, वर्ष कोणते, लांबी किती आणि पैसा कोणाचा, एवढे शोधावे. पैसा सरकारचा, स्वयंसेवी संस्थेचा किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीचा असला म्हणून माहितीपट लगेच बाद ठरवू नये. फिल्म्स डिव्हिजनच्या सरकारी छत्राखालीही उत्तम कामे झाली आहेत. मात्र ज्याच्या पैशाने चित्र निघाले त्याच्याविषयी चित्रात एकही अवघड प्रश्न नसेल, तर ती जाहिरात समजावी. वर्ष पाहण्याचे कारण साधे आहे: 2013 च्या दुष्काळातली दृश्ये आजची म्हणून पुढे सरकवली जातात, आणि निर्मितीचे वर्ष जाणूनबुजून लपवलेले असेल तर तेवढ्या एका कारणाने तो व्हिडिओ सोडून द्यावा.

श्रेयनामावलीही आधीच पाहून घ्यावी. छायाचित्रण, ध्वनी, संशोधन, संग्रहित दृश्यांचा स्रोत, ज्या गावांत चित्रीकरण झाले त्यांची नावे हे सारे तिथे असते. ज्या व्हिडिओला श्रेयनामावलीच नाही, ज्यात विकत घेतलेल्या ड्रोन दृश्यांवर कोणीतरी लेख वाचून दाखवतो आहे, तो उपयोगी असू शकतो. पण तो वाचून दाखवलेला लेख आहे, आणि लेख म्हणूनच त्याची पारख करावी.

तिसरी पायरी: पहिली दहा मिनिटे

पहिल्या दहा मिनिटांत दिग्दर्शकाची पद्धत बहुतेक उघडी पडते, म्हणून ती जरा लक्ष देऊन पाहावीत. पाच मिनिटे आवाजासह पाहावे, मग तीच पाच मिनिटे आवाज बंद करून पुन्हा पाहावीत. पार्श्वसंगीत आणि निवेदन काढून घेतल्यावर पडद्यावर काही घडते आहे का, हे तेव्हा कळते. बाई चुलीपुढे बसली आहे, म्हातारा क्षितिजाकडे पाहतो आहे, मूल कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे, एवढेच उरत असेल तर ही माणसे केवळ सजावटीला आणलेली आहेत. याउलट ऊसतोडीचा मुकादम आणि मजूर उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेचा, हिशेब करत आहेत, आकड्यावर अडले आहेत, बायको मधेच नवऱ्याला दुरुस्त करते आहे, असे काही आवाजाविनाही दिसत असेल, तर पुढचा तास वाया जाणार नाही.

मग कोण बोलते ते पाहावे. पुष्कळ माहितीपटांत गावचे लोक रडतात आणि शहरातले तज्ज्ञ कारणे सांगतात. ऊसतोड करणाऱ्या बाईला एका टनाचा दर किती, एक खाडा पडला तर किती कापले जातात आणि उचल फिटायला किती मोळ्या बांधाव्या लागतात, हे तोंडपाठ असते. तिला फक्त दुःख विचारायचे आणि हिशेब प्राध्यापकाला विचारायचा, ही दिग्दर्शकाची निवड असते आणि ती निवड मला मान्य नाही. पडद्यावर खाली येणाऱ्या नावाच्या पट्टीकडेही लक्ष असू द्यावे. तज्ज्ञाचे पूर्ण नाव आणि हुद्दा येतो, आणि बाईच्या नावाच्या जागी नुसते ‘ऊसतोड कामगार’ येते, असे वारंवार होत असेल तर दिग्दर्शकाला माणूस दिसलेला नाही. तिच्या सुरक्षिततेसाठी नाव लपवले असेल तर गोष्ट वेगळी; चांगला माहितीपट तसे स्पष्ट सांगतो.

चौथी पायरी: मांडून घेतलेले दृश्य ओळखणे

नव्या प्रेक्षकाचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माहितीपटात दाखवलेले सारे जसेच्या तसे घडत होते आणि कॅमेरा योगायोगाने तिथे होता, असे कधीच नसते. विहिरीत बादली सोडणारी बाई आठवा. कॅमेरा वरून, तिच्या खांद्यामागून पाहत असेल तर ती रोजच्यासारखे पाणी शेंदते आहे असे मानता येते. पण पुढच्याच दृश्यात कॅमेरा विहिरीच्या तळाशी आहे आणि बादली त्याच्याकडे येते आहे, तर कोणीतरी आधी खाली उतरले, कॅमेरा लावला आणि बाईला पुन्हा बादली सोडायला सांगितले, हे उघड आहे. यात फसवणूक नाही, कारण ती रोज पाणी शेंदतेच. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा जे कधी घडतच नाही ते घडवून घेऊन नेहमीचे म्हणून दाखवले जाते.

हा प्रश्न माहितीपटाइतकाच जुना आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 1922 चा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा पूर्ण लांबीच्या माहितीपटांतला आद्य मानला जातो. कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट माणसाचे जगणे त्यात आहे. त्या माणसाचे खरे नाव अल्लाकारियालाक होते, चित्रातली त्याची पत्नी त्याची खरी पत्नी नव्हती, आत उजेड यावा म्हणून बर्फाचे घर एका बाजूने उघडे बांधले होते आणि त्या काळी तिथे बंदुका वापरात असूनही शिकार भाल्याने करवून घेतली होती. तरीही तो पाहावा, असे मी म्हणेन. मात्र पाहताना आपण एका दिग्दर्शकाने पुन्हा उभा केलेला जुना काळ पाहतो आहोत, याचे भान ठेवावे. 1958 च्या डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’बद्दल मात्र मला तसे म्हणता येत नाही. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून स्वतःला पाण्यात झोकून देताना दिसतात. ते प्राणी दुसरीकडून आणले होते आणि चित्रीकरण करणाऱ्यांनीच त्यांना कड्यावरून ढकलले होते, हे पुढे 1980 च्या दशकात कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीने उघड केले. या चित्राला ऑस्कर मिळाले होते, आणि लेमिंग आत्महत्या करतात हा खोटा समज अजूनही लोकांच्या बोलण्यात आहे.

त्यामुळे वन्यजीवांवरचे माहितीपट पाहताना एकाच प्राण्याची गोष्ट सलग सांगितली जात असेल, तर तो खरोखर एकच प्राणी आहे का आणि आवाज तिथलाच आहे की नंतर भरला आहे, असे प्रश्न मनात ठेवावेत. पुनर्रचना केलेले दृश्य ‘पुनर्रचना’ म्हणून सांगितले असेल तर मला त्यात काही वावगे वाटत नाही.

हल्ली याला नवे रूप आले आहे. अमेरिकन बल्लवाचार्य अँथनी बोर्डेन यांच्यावरच्या 2021 च्या ‘रोडरनर’ या माहितीपटात त्यांनी लिहिलेली काही वाक्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या त्यांच्याच आवाजात ऐकवली गेली. बोर्डेन 2018 मध्ये वारले होते. चित्रात याचा उल्लेख नव्हता. दिग्दर्शकाने नंतर मुलाखतीत सांगितले तेव्हा प्रेक्षकांना कळले. स्वातंत्र्यसेनानी किंवा संत यांच्यावर अशा आवाजांचे आणि चित्रांचे व्हिडिओ आता मराठीतही सहज करता येतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचा एखादा व्हिडिओ पाहताना 1948 ची म्हणून फिरणारी दृश्ये कोणत्या संग्रहातली आहेत, हे सांगितले नसेल तर त्यावर विसंबू नये.

पाचवी पायरी: किती काळ घालवला?

मला एकच कसोटी ठेवायची परवानगी असती, तर मी हीच ठेवली असती. आनंद पटवर्धन यांचा 2011 चा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट 14 वर्षांच्या चित्रीकरणातून तयार झाला. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मरण पावले आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तिथून तो सुरू होतो आणि आंबेडकरी शाहिरीच्या मागे मागे महाराष्ट्रभर जातो. मराठवाड्यात ज्यांनी नामांतराचा काळ पाहिला आहे त्यांना त्यातली गाणी परकी वाटणार नाहीत. तो सुमारे तीन तासांचा आहे. पण इतकी वर्षे माणसांबरोबर राहिल्याखेरीज जे बदल दिसतच नाहीत ते त्यात दिसतात.

हीच कसोटी ऊसतोडीला लावून पाहा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. जो दिग्दर्शक जानेवारीत फडावर दोन दिवस जाऊन आला, त्याला कोयता आणि मोळी दिसते. जो उन्हाळ्यात उचल वाटली जाते तेव्हा गावात होता, गाड्या निघाल्या त्या रात्री होता, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांबरोबर आणि शाळेच्या पटावरून गळालेल्या पोरांबरोबर हिवाळ्यात होता आणि परतल्यावर हिशेबाच्या बैठकीतही होता, त्याला साखळी दिसते. चित्रात कोणते ऋतू आले, कपडे आणि पिके बदलली का, मुले मोठी झाली का, एवढे पाहिले तरी काळाचा अंदाज येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपावरचा माहितीपट निवडताना तर मी ढिगाऱ्यांच्या दृश्यांपेक्षा पुनर्वसित गावांत दहा-वीस वर्षांनी गेलेला माहितीपट आधी पाहीन. नव्या घरांत माणसे कशी राहिली, त्यांनी अंगण आणि गोठा पुन्हा कसा उभा केला, जुन्या गावठाणाचे काय झाले, हे तिथेच कळते.

सहावी पायरी: दाखवले गेलेल्यांचे म्हणणे

माहितीपट पाहून झाल्यावर, ज्यांच्यावर तो आहे त्यांनी त्याच्याविषयी काय म्हटले, हे शोधावे. ‘रायटिंग विथ फायर’ हा 2021 चा माहितीपट उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’ या ग्रामीण महिला पत्रकारांच्या वृत्तसंस्थेवर आहे आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. 2022 च्या मार्चमध्ये, सोहळ्याच्या तोंडावर, खुद्द ‘खबर लहरिया’ने जाहीर केले की चित्र प्रभावी आहे, पण एकाच पक्षाच्या वार्तांकनावर आपला सारा भर असल्यासारखे त्यात दिसते आणि ते अचूक नाही. यावरून चित्र पाहू नये असे ठरत नाही. चित्र आणि निवेदन दोन्ही पुढे ठेवून पाहावे, म्हणजे संकलनाच्या टेबलावर काय निवडले जाते आणि काय गळते, याची समज येते.

पुरस्कार आणि ओटीटीवरच्या मालिका

पुरस्कारामुळे नाव कानावर येते, एवढाच त्याचा उपयोग. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य चित्रपटांचा स्वतंत्र विभाग असतो, त्याची यादी नव्या प्रेक्षकाला उपयोगी पडते. तारांकनावर मात्र फारसे जाऊ नये. ओटीटीवरच्या गुन्हेविषयक मालिकांबाबत मी कडक आहे: दिग्दर्शकाला पहिल्या दिवसापासून माहीत असलेली गोष्ट तो चौथ्या भागापर्यंत केवळ उत्सुकता ताणण्यासाठी दडवून ठेवत असेल, आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांचे दुःख प्रत्येक भागाच्या शेवटी तोडून दाखवत असेल, तर ती मालिका दुसऱ्या भागानंतर बंद करावी.

कुठे शोधावे आणि कसे पाहावे

फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचे अनेक जुने माहितीपट यूट्यूबवर विनामूल्य आहेत, आणि पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टचेही. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण संग्रहाच्या संकेतस्थळावर छोटे माहितीपट आणि जात्यावरच्या ओव्यांचे चित्रण आहे. त्यातल्या काही ओव्या आपल्याच माजलगाव परिसरातल्या बायांनी गायिलेल्या असल्यामुळे वर सांगितलेला ओळखीच्या विषयाचा सराव करायला ते फार योग्य साहित्य आहे. मुंबईत 1990 पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, आणि छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो. महोत्सवाचा खरा लाभ असा की पाहून झाल्यावर दिग्दर्शकाला विचारता येते: किती दिवस राहिलात, कोणत्या महिन्यात, आणि ज्यांचे चित्रीकरण केले त्यांना हे दाखवले का?

सुरुवातीला तासाभराच्या आतला माहितीपट निवडावा. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या आणि साईनाथ यांची पत्रकारिता यांवरचा दीपा भाटिया यांचा 2009 चा ‘नीरोज गेस्ट्स’ या दृष्टीने योग्य आहे. शेजारच्या प्रदेशाची कापसाची शेती आपल्या कापूस-सोयाबीनशी कुठे जुळते आणि कुठे वेगळी पडते, हे आपल्याला स्वतःहून ताडून पाहता येते.

शक्यतो एकट्याने पाहू नये. वाचनालयात, महाविद्यालयात किंवा कोणाच्या ओसरीवर आठ-दहा जण मिळून पाहताना त्यांत विषयातला एक जाणता असावा: पाण्याचा असेल तर पाणीपुरवठ्यावर काम केलेला, ऊसतोडीचा असेल तर स्वतः फडावर गेलेली एखादी मावशी. पाहून झाल्यावर पहिले बोलणे त्यांचे ऐकावे, बाकीच्यांनी नंतर बोलावे. जाहीर प्रदर्शन करायचे असेल तर निर्मात्याची परवानगी आणि सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र आहे का, याची आधी खात्री करून घ्यावी. दिग्दर्शकाला ई-मेल करून परवानगी मागताना, कोण पाहणार आहे आणि पाहून झाल्यावर चर्चा ठेवली आहे, हेही कळवावे.